उपवास करून यावे

बाई आता नाशिकला भाचीकडे असतात. फोन केला तर बहुधा उचलत नाहीत. उचललाच तर पहिला प्रश्न, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नाही, सहज केला, असं म्हटलं की म्हणतात, "सहज काय फोन करायचा," आणि ठेवून देतात. मला ते बरं वाटतं. त्यांच्याशी लांबलचक बोलायची वेळ आली तर काय बोलावं हे मला अजून कळत नाही.

बाई म्हणजे डॉक्टरबाई. डोंबिवली पूर्वेला त्यांचा दवाखाना होता. साठीनंतर तो त्यांनी बंद केला आणि उरलीसुरली ताकद दर रविवारी जवळच्या दिवा गावातल्या एका गाळ्यात खर्च करायला लागल्या. मधुमेहाचा दवाखाना, फुकट. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळायच्या, पण इन्सुलिन कधी यायचं, कधी नाही. आणि ज्याला ते लागतं त्याला रोज लागतं, आलं की नाही ते बघून लागत नाही. बाईंचं सगळं काम या एका गोष्टीभोवती होतं.

मी मानपाड्याच्या एका लॅबमध्ये रक्त काढायला असतो. बोलायची सवय नाही. लोक हात पुढे करतात, मी म्हणतो, मूठ आवळा, मग म्हणतो, मूठ सोडा. एवढ्यावर माझा दिवस निघतो. एकदा बाईंच्या घरी कुणाचा तरी रिपोर्ट द्यायला गेलो होतो. त्यांनी रिपोर्ट न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी दिवा स्टेशनच्या बाहेर पूर्वेला उभे राहा. डबा आणू नका, मी आणते." मला वाटलं, एका रविवारचं काम असेल. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "अहो लॅब, इकडे या." पेशंटही मग मला लॅबदादा म्हणायला लागले.

गाळ्यात एक पंखा, एक टेबल, एक खुर्ची आणि एक पाट. शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की टेबलावरच्या बाटल्या एकमेकींवर आपटून वाजायच्या. खुर्चीवर पेशंट बसायचा आणि पाटावर बाई. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गोंधळायचा, खुर्ची ओढून बाईंना द्यायला जायचा. "बसा वर. मला तुमचं तोंड बघायचं नाही," असं त्या म्हणायच्या आणि त्याचा पाय मांडीवर घ्यायच्या. आधी पाय, मग बाकी सगळं. बोटांच्या बेचक्यांत बघायच्या, टाच दाबायच्या, काडीने तळवा टोचून विचारायच्या, "कळतंय? इथे? आणि इथे?" माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती पायांनी. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर त्या आधी खाली बघायच्या, मग ओळख दाखवायच्या.

गायकवाड नावाचे एक जण यायचे. मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत कामाला. दिवसभर बुटात उभे, आणि बुटात रंगाचं पाणी शिरायचं, त्यामुळे त्यांचे पाय कायम कसल्यातरी रंगाचे.

"काय महाराज, आज हिरवे?"

"हिरव्याची ऑर्डर आहे बाई. पुढच्या वेळी जांभळे घेऊन येतो."

"जांभळे आणू नका. खरोखरच जांभळा झाला तर मला कळायचं नाही."

हिराबाई म्हणून एक आजी होत्या. जुन्या गावातल्या, पूर्वी त्यांची मिठागरात कामं होती, नंतर जमिनीवर बिल्डिंगा झाल्या. त्यांना पाय पुढे करायचा म्हणजे संकट वाटायचं. "नको गो बाय, माझे पायाला हात नको लावूस. मना पाप लागंल."

"लागलं तर मला सांगा. त्याच्यावरही औषध देते."

बाईंचं अहो-अरेसुद्धा उलटं होतं. रिक्षावाल्याला, हमालाला, शाळेतल्या पोरालासुद्धा त्या अहो म्हणायच्या. एकदा तिथले एक पुढारी चार माणसं घेऊन कौतुक करायला आले आणि दारात उभे राहिले. बाई पाटावरूनच म्हणाल्या, "अरे, बाजूला हो जरा, उजेड अडतोय." ते बाजूला झाले. फोटो काढायला आणलेला माणूस फोटो न काढता गेला.

इन्सुलिन कुठून यायचं, तर जिथून मिळेल तिथून. औषध कंपन्यांचे लोक त्यांना बघून जिना बदलायचे. पण त्यांची खरी खाण वेगळीच होती. आमच्याकडे सोसायटीच्या गेटवर फळा असतो, त्यावर कोणी गेलं की सूचना लिहितात. बाई डोंबिवलीत चालताना हे फळे वाचत चालायच्या. जुनी प्रॅक्टिस, त्यामुळे कुणाला शुगर होती ते त्यांना पाठ. मग थर्मास घेऊन भेटायला. सोबत मी. घरात माणसं जमलेली, फोटोला हार घातलेला. बाई आधी फोटोला हात जोडायच्या. मग हलक्या आवाजात, "फ्रीजमध्ये त्यांचं काही उरलंय का?"

पुष्कळांना कळायचंच नाही. एका मुलाने आत जाऊन श्रीखंडाचा डबा आणला. डोळे पुसत म्हणाला, "बाबांनी अर्धाच खाल्ला होता."

बाईंनी डब्याकडे बघितलं. "हे कारण झालं. आता औषध आणा."

मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला हाकलणार. तो रडता रडता हसला आणि फ्रीजमधल्या न उघडलेल्या सगळ्या बाटल्या घेऊन आला. जिना उतरताना बाई एकेक बाटली उजेडात धरून बघत होत्या. गाठी दिसल्या, तारीख गेलेली दिसली, की ती बाजूला. "मेलेल्या माणसाचं औषध चालतं, मेलेलं औषध चालत नाही," एवढंच म्हणाल्या.

आणि ती मडकी. दिव्यातल्या कित्येक घरांत फ्रीज नव्हता, होता तिथे लाईटचा भरवसा नव्हता, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेलं इन्सुलिन निकामी व्हायला वेळ लागत नाही. बाईंनी कल्याणच्या एका कुंभाराकडून छोटी मडकी करून घेतली होती. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळूवर पाणी, वर ओलं फडकं. पाणी उडत राहतं आणि आत गार राहतं. घरोघरी त्या स्वतः मांडून द्यायच्या. हिराबाईंच्या घरी मांडायला गेलो तेव्हा त्यांची सून मनीषा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, प्यायला टँकरची वाट बघतो आम्ही. तुमच्या मडक्याला कुठून पाजू?"

"तांदूळ धुता ना? ते पाणी कुठे जातं?"

"भांडी विसळायला."

"त्याच्या आधी मडक्याला."

"म्हणजे घरात अजून एक सासू आणली म्हणा की," मनीषा म्हणाली. हिराबाई आतून हसल्या. पुढच्या वेळी गेलो तर मडकं देवघरात होतं, त्याला हळदकुंकू लावलेलं. पोरं हात लावत नाहीत म्हणून, असं मनीषाने सांगितलं. बाईंना ते पटलं. त्या दिवसापासून मडकं देताना त्या जागाही सांगायच्या, "देवाशेजारी ठेवा."

लग्नसराईत त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तिकडे लग्नापेक्षा हळदीचं जेवण मोठं, आणि हळदीला गेलेला माणूस सुई घरी विसरतो. बाई बोलावणं नसताना मांडवात जायच्या. एकदा डीजे सुरू असताना त्यांनी आपले सगळे पेशंट जनरेटरच्या मागे ओळीने उभे केले, जेवायच्या आधी सुया टोचायला लावल्या आणि नवरीला आहेराचं पाकीट देऊन निघून आल्या. नवरीचे काका गायकवाडांना विचारत होते, "ही कुठली पाव्हणी?" गायकवाड म्हणाले, "माझी."

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगतो. लॅबमध्ये चहाच्या वेळी सांगतो, लोक हसतात. यापुढचं सांगत नाही.

बाईंचा एक हट्ट मला नकोसा व्हायचा. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणजे माणूस उपाशी आहे याची खात्री हवी, आणि ती खात्री त्या कुणाच्या शब्दावर करत नसत. प्रत्येकाची उलटतपासणी.

"काल रात्री जेवलात. मग काय केलंत?"

"झोपलो."

"उठल्यावर?"

"तोंड धुतलं."

"मग?"

"मग काय, चहा. बाकी काय नाय खाल्लं."

"चहा म्हणजे खाल्लं. साखर घातली होती?"

"चहात साखर घालणारच ना बाई. बिनसाखरेचा देऊन काय पाहुण्यांना पळवायचंय?"

मग मिश्री लावली का, गोळी घेताना सोबत काय घेतलं, देवळात काही हातावर पडलं का. एका माणसाला इतका वेळ. बाहेर रांग रस्त्यापर्यंत. आठवडाभर लॅबमध्ये उभा राहून मी रविवारी तिथे उभा, आणि शेजारी ती गिरणी.

आदल्या दिवशी पेशंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझं. बाईंकडे बटणांचा फोन, ग्रुपवर काय चालतं ते त्यांना माहीत नव्हतं आणि नको होतं. मजकूर मात्र त्यांनी सांगितलेला: रात्री जेवल्यानंतर पाण्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. चहा, दूध, केळं, प्रसाद, काहीही नाही. ज्याने खाल्लं असेल त्याने तसं सांगावं, कोणी ओरडणार नाही. हे मी दर शनिवारी टाइप करायचो. एका शनिवारी कंटाळा आला. कंटाळाच, दुसरं काही नाही. मी लिहिलं, "उद्या सकाळी उपवास करून यावे." वाचून बघितलं. सुटसुटीत वाटलं, जरा शुद्धही वाटलं. पाठवून दिलं.

उपवास म्हणजे आपल्याकडे काय, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझी आई एकादशीला जेवढं खायची तेवढं बाकीच्या दिवशी खात नव्हती. पण लॅबमध्ये आम्ही दिवसभर फास्टिंग, फास्टिंग करतो. त्या शब्दाचं मराठी माझ्या हाताने आपोआप केलं, आणि साबुदाणा त्यात कुठे डोक्यात आला नाही.

त्या रविवारी बाई एकाची चिघळलेली टाच साफ करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लॅब, आज तुम्ही विचारून घ्या." रांग मोठी होती. मी एकेकाला विचारत गेलो, आणि लवकर लवकर विचारत गेलो. हिराबाई आल्या.

"काय आजी, उपवास ना?"

"हाय ना. तूच तं सांगितलास."

मी बोटाला टोचलं. आकडा मोठा आला. कागदावर 'उपाशीपोटी' लिहिलं आणि पुढे तो आकडा. बाईंनी तो बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, सकाळची एवढी साखर म्हणजे रात्रीची सुई कमी पडतेय. थोडी वाढवू या." आणि त्यांनी रात्रीचा डोस वाढवला. हातात आलेल्या कागदावर कुठल्याही डॉक्टरने तेच केलं असतं.

त्याच आठवड्यात एका पहाटे मनीषा त्यांना उठवायला गेली तर त्या घामाने भिजलेल्या, अंग गार, हाक मारली तरी उठेनात. साखर जिभेवर ठेवली तर गिळेनात. रात्रीतून साखर खाली खाली गेली होती. रिक्षाने हॉस्पिटलात नेईपर्यंत फार वेळ गेला होता. बाईंना फोन आला, त्यांनी मला केला. आम्ही पोचलो तेव्हा व्हरांड्यात त्यांचा मुलगा आणि भावकी उभी होती.

"सुई कुणी वाढवली?" मुलाने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"का?"

"साखर वाढलेली दिसली म्हणून."

"मग आईचं हे काय झालं?"

"मला कळत नाहीये. चूक माझीच असणार."

डॉक्टर असं बोलत नाहीत. त्या माणसांना भांडायचं होतं, समोरून कोणी भांडेना, त्यामुळे ती अजून चिडली. मागून कुणीतरी म्हणालं, फुकटच्या सुया असल्याच असतात. मी बाईंच्या मागे उभा होतो. तेवढ्यात मनीषाने माझी बाही ओढली आणि मला जिन्याकडे नेलं.

"दादा, एक विचारू? त्या दिवशी सासूबाई खिचडी खाऊन आलेल्या. तुम्ही उपवास सांगितलेला ना, म्हणून मीच रात्री साबुदाणा भिजवलेला. गोड चहा पण घेतलेला त्यांनी. त्याने काय होतं का?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. खिचडी खाऊन साखर वाढणारच. ती वाढ रात्रीची नव्हतीच. रात्रीची सुई बरोबर होती, ती वाढवायला नको होती. मी मनीषाला म्हणालो, "बघू. मी बोलतो बाईंशी."

परत येताना रिक्षात बाईंनी विचारलं, "आकडा बरोबर होता?"

"हो."

"मशीन?"

"मशीन ठीक आहे."

"विचारलं होतं त्यांना?"

"विचारलं होतं."

एकही उत्तर खोटं नव्हतं. मी पुष्कळ दिवस त्याच्यावर काढले. भीती होती, ते खरं. लॅबची नोकरी जाईल, त्यांचा मुलगा घरी येईल. पण आठवडाभरात ती भीती मावळली आणि तरी मी बोललो नाही. पुढच्या रविवारी बोलायचं ठरवायचो. आणि जेवढा उशीर होत गेला तेवढं आधी 'इतके दिवस का नाही बोललास' याचं उत्तर शोधावं लागत होतं. ते नव्हतं. मी नवीन ग्रुप काढला, सगळ्यांना त्यात घेतलं आणि बाईंचा मूळ मजकूर पुन्हा पूर्ण टाकायला लागलो. जुना ग्रुप कुणाच्या लक्षात राहिला नाही.

हिराबाई वाचल्या. घरी आल्या, पण बोलणं गेलं. दारात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच म्हणायच्या, "बाय." पुरुष असो, पोर असो, कुत्रं असो.

त्यानंतर गाळ्यातली रांग ओसरली. सुईने माणूस कामातून जातो, हे त्या गल्ल्यांमध्ये आधीपासून कुजबुजत होतंच, त्याला आता नावपत्ता मिळाला. लोक गोळ्यांवर परत गेले, काही तेवढंही करेनात. गल्लीतून जाताना आमची मडकी दिसायची, एकात तुळस, एकात कोथिंबीर, एकात रिक्षाचे सुटे नटबोल्ट. बाई बघायच्या आणि पुढे चालायच्या. त्यांनी यायचं थांबवलं नाही. पाटावर बसायच्या, पाय मांडीवर घ्यायच्या, पण महाराज वगैरे म्हणणं बंद झालं होतं. डोस लिहिताना पेन थांबायचं. लिहायच्या, खोडायच्या, कमी करून लिहायच्या. मला वाटलं, वय झालं.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग गायकवाड लंगडत आले. बुटाने कातडं सोललं होतं, त्यांना कळलंच नव्हतं. बोट काळं पडलेलं. हॉस्पिटलात ते बोट काढावं लागलं. पट्टी बांधून पुन्हा आले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "एक बोट कमी झालं बाई, रंग तेवढा कमी लागेल." बाई हसल्या नाहीत. पट्टीकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी मी त्यांना सोडायला डोंबिवलीला घरी गेलो. त्यांनी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मडक्यांसाठी वाळू चाळायला बसल्या. मडकी कुणी मागत नव्हतं, तरी चाळत होत्या. चाळता चाळता म्हणाल्या, "गायकवाडांची रात्रीची सुई मी केव्हाच वाढवायला हवी होती. त्यांची साखर सारखी सांगत होती मला. हिंमत झाली नाही."

"का?" मी विचारलं.

"हिराबाई." चाळणी हलत होती. "मी इतकुसाच वाढवला होता हो डोस. तेवढ्याने माणसाचं असं होत नाही. पण झालं. का, ते मला कळलं नाही. मग वाटलं, ही माणसं रात्री अर्धपोटी झोपत असतील, आपल्याला सांगत नसतील. तेव्हापासून सगळ्यांचाच रात्रीचा हात आखडला मी. सगळ्यांचा."

मी उभाच होतो. इतके दिवस मला वाटत होतं की बाईंनी माझा दोष उचलला आहे आणि ते ओझं त्यांचं आणि माझं आहे. गायकवाडांचं बोट त्यात आहे हे मला त्या स्वयंपाकघरात समजलं. गायकवाडांचं, आणि अजून कुणाकुणाचं काय, ते मला माहीत नाही.

मी सांगितलं. मेसेज, रांग, साबुदाणा, मनीषा, जिना. माझ्या आयुष्यात मी एका वेळी इतकं बोललो नव्हतो. बाई चाळत राहिल्या. वाळू संपली तरी रिकामी चाळणी थोडा वेळ हलवत राहिल्या.

"दोष द्यायला कोणीतरी लागतंच," त्या शेवटी म्हणाल्या. "तो मी घेतला होता, माझं त्याबद्दल काही नव्हतं. पण मला कारण हवं होतं, लॅब. मी तुम्हाला तीनदा विचारलं."

"हो."

"कारण मिळालं नाही की डॉक्टर काय करतो? घाबरतो. आणि घाबरलाय हे कुणाला सांगत नाही."

मला वाटलं, त्या आता निघा म्हणतील. त्यांनी वाळू पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्याकडे दिली. "रविवारी लवकर या. आधी हिराबाईंकडे जायचं. बोलायचं तुम्ही."

हिराबाई दारातच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाय." मुलगा कामावर निघायच्या तयारीत होता, मनीषा आत होती. बाई बाहेर उंबऱ्यापाशी थांबल्या. मी दोघांसमोर उभा राहून सांगितलं. शब्द मी चुकीचा लिहिला, नीट विचारलं नाही, आणि कळल्यावर गप्प बसलो. मुलाने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मला वाटलं, तो हात उचलेल. तो मनीषाकडे बघत होता. मनीषा भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मी विचारलेलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही बोललात, बघू. परत काही बोलला नाहीत, मग मला वाटलं, असणार. खिचडीनेच झालं असणार. मीच खायला घातली ना. ह्यांना सांगितलं नाही मी कधी. कुणालाच नाही." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "रोज त्यांना भरवताना मनात तेच."

तिचा नवरा मला म्हणाला, "तुम्ही जा आता." मी निघालो. मागे बघितलं तर तोही तिच्याजवळ खाली बसला होता आणि हिराबाई दोघांना बाय, बाय म्हणत होत्या.

गाळ्यात पाचसहा जण होते. बाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा." मी पुन्हा सांगितलं. गिरणी सुरू होती, मला मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे बाहेर पिठाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनीही ऐकलं. एक जण म्हणाली, "म्हणजे उपवासाच्या खिचडीने?" दुसरी म्हणाली, "मी पण त्या दिवशी खाऊनच आलेली." कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारा उठून मात्र निघून गेला, आणि तो पुन्हा आला नाही.

गायकवाड खुर्चीवर होते, पट्टीचा पाय पुढे करून.

"म्हणजे सुईने नाही झालं ते?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. सुई बरोबर होती. वाढवायला लावलं ते मी."

"मग बाईंनी आमची का कमी केली?"

मी बाईंकडे बघितलं. बाई त्यांच्या पायाकडे बघत होत्या.

"भ्याले मी," त्या म्हणाल्या.

गायकवाडांनी मान हलवली. बोट गेल्याची जागा त्यांनी पट्टीवरून हाताने एकदा चाचपली. ते काहीतरी विनोद करतील असं सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण बाहेरच्या बायकाही डोकावून बघत होत्या.

"बरं," ते म्हणाले. "मग आता वाढवा."